रजिस्टरातलं वांगं

‘कर्मचारी-केंद्री व्यवस्थापन’ किंवा असंच काही लांबलचक नाव दिलेला कार्यक्रम असला, की आमच्या यवतमाळातल्या कॉलेजांना माझी आठवण येते. मी जाते. चांगलीशी साडी नेसते आणि पडद्यावर पहिलं चित्र दाखवते ते एका स्टीलच्या डब्याचं. ‘आमच्या सूतगिरणीत एक सुपरवायझर होते,’ मी सांगते, ‘ते रोज प्रत्येक कामगाराला विचारायचे, आज काय शिजलं?’ मुलं हसतात. मग मी सांगते की या एका प्रश्नामुळे त्यांच्या खात्यात सूत सगळ्यांत कमी तुटायचं. मुलं वहीत लिहून घेतात. पुढे त्या प्रश्नाचं काय झालं आणि तो विचारणाऱ्या माणसाचं मी काय केलं, ते मी सांगत नाही. टाळ्या होतात, शाल-श्रीफळ मिळतं, नारळाची बर्फी करून आई शेजारी वाटते. ती बर्फी मी कधी खाल्लेली नाही.

त्या माणसाचं नाव हनीफभाई.

गिरणी मारेगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. तिथे दोन नंबरच्या खात्याचे हे सुपरवायझर. बुटके, खांदे किंचित पुढे आलेले आणि भुवयांवर कायम कापसाची पांढरी धूळ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते सत्तरीचे वाटले होते. तोंड धुऊन चहाला आले तेव्हा कळलं, अजून साठीलाही टेकले नव्हते. कानावर पेन्सिल खोचलेली असायची, पण तिने त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. मशिनांच्या आवाजाने डावा कान पार गेलेला. त्यामुळे कुणी बोलायला लागलं की ते मान वाकवून उजवा कान थेट त्याच्या तोंडाशी न्यायचे. एकदा कान इतका जवळ आला की मोठ्याने बोलायचं कारण राहत नाही. त्यांच्याशी सगळे हळू बोलत, आणि बोललेलं दोघांतच राही. हा कान किती कामाचा होता ते मला फार उशिरा समजलं.

मी तिथे रुजू झाले तेव्हा माझ्या दारावर ‘मानव संसाधन विभाग’ अशी नवी पाटी लागली होती. तिच्याकडे कुणी बघायचं नाही. जुन्या काळच्या ‘पर्सोनेल’ विभागावरून त्या खोलीला सगळे ‘परसनल’ म्हणत, म्हणून मी झाले ‘परसनलवाल्या मॅडम’. मी सरकारी कारकुनाची मुलगी, नागपुरात शिकून आलेली, आणि या नावाचा मला राग यायचा. पहिल्याच दिवशी खाती बघत हिंडताना दोन नंबरच्या दाराशी हनीफभाईंनी माझ्यापुढे उजवा कान केला.

‘काय खाऊन आल्या मॅडम?’

‘कॉर्नफ्लेक्स.’

‘काय?’

मी पुन्हा सांगितलं.

‘ते शिजवा लागते का?’

‘नाही.’

‘मंग कोणी शिजवलं नाई म्हणा नं.’ एवढं बोलून त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने एक स्टूल पुसलं आणि खिडकीजवळ ठेवलं. ‘इथं बसा. इकडं हवा येते.’

मला वाटलं, साहेबीण म्हणून मान देत आहेत. मी ऐटीत बसले.

त्या खिडकीची गोष्ट आधी सांगायला हवी. सूत कातायच्या मशीनवर एका रांगेत सूत गुंडाळणाऱ्या शेकडो चात्या फिरत असतात. बाई त्या रांगेपुढून येरझाऱ्या घालते. कुठे धागा तुटला की दोन बोटांच्या चिमटीत धरून क्षणात सांधते आणि पुढे जाते. आठ तास. जिचं चित्त थाऱ्यावर नाही तिचे डोळे मशीनवर असतात, पण तुटलेला धागा तिला दिसत नाही. माल वाया जातो, आणि कधी हातही जातो. हनीफभाईंच्या खात्यात खिडकीशी एक जुनं मशीन होतं. त्यावर जाडं सूत निघे, ते हळू चाले आणि धागा क्वचित तुटे. ज्याच्या घरी त्या दिवशी काही धड नाही, त्याला ते तिथे उभं करत. याला कुणी शिक्षा म्हणायचं नाही, की सवलतही म्हणायचं नाही. बाया एकमेकींना सांगत, ‘आज मी खिडकीले होती.’ ऐकणारीला पुढचं सगळं समजायचं.

घरी काय चाललंय हे कळायला त्यांच्याकडे तो एकच प्रश्न होता. सकाळी सातच्या पाळीला कंपनीची बस मारेगावातल्या, आसपासच्या खेड्यांतल्या आणि पलीकडच्या कोलाम पोडांवरच्या, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरच्या, बाया घेऊन यायची. त्यांच्यासोबत पाच-दहा पुरुष. एकेक जण दाराशी यायचा, हनीफभाई कान पुढे करायचे आणि विचारायचे, ‘आज काय शिजलं?’ उत्तर ऐकलं की मशीनचा नंबर सांगायचे. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

मला आधी हे आवडलं नव्हतं. बायकांना कसले घरगुती प्रश्न विचारतो हा माणूस, असं वाटून मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि शांतपणे समजावलं.

‘पाहा मॅडम, वरण-भाकर सांगितली का समजाचं, घर चालून राह्यलं. चून सांगितलं, नुसतं बेसन घोटलेलं, तं बाई घाईत होती. नुसती चटणी सांगितली तं घरात कोणाचं तरी बिनसलं. अन् शेजारणीनं देलं म्हणली, तं मी पुढं इचारतच नाई.’

‘आणि खोटं सांगितलं तर?’

‘खोटं बी कामाचंच असते नं. कायले सांगते माणूस खोटं? थेच तं पाहाचं असते.’ मग बशी खाली ठेवून म्हणाले, ‘तुमच्या हापिसाचं नाव परसनल हाय मॅडम. पण तुमी परसनल तं काहीच इचारत नाई.’

मला हसू आलं नाही. आता येतं, पण ते हसू चांगलं नसतं.

खोट्याचा मासला मी स्वतः पाहिला. एका साध्या मंगळवारी एका बाईने ‘पुरणपोळी’ असं उत्तर दिलं. ना सण, ना घरी पाहुणा. हनीफभाईंनी भुवयासुद्धा हलवल्या नाहीत. ‘वा, तूप होतं का?’ एवढं विचारलं आणि तिला खिडकीला पाठवलं. दुपारपर्यंत ती बाई तिथे उभ्याउभ्या रडत होती आणि जाडं सूत आपलं बिनातक्रार निघत होतं. घरी काय झालं होतं ते हनीफभाईंनी तिला विचारलं नाही, मलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने ‘चून’ सांगितलं, तेव्हा ते मला म्हणाले, ‘आली लायनीवर.’

याउलट भाऊराव नावाचे एक जण रोज ‘मटण’ सांगायचे. त्यांना मात्र कधी खिडकी मिळाली नाही. मी कारण विचारलं. ‘त्याची बायको सरपंच हाय,’ हनीफभाई म्हणाले. ‘घरी भाऊरावचं कोणी आयकत नाई. इथं तरी एक डाव मटण खाऊ द्या त्याले.’

रमजानचा महिना आला तेव्हा बाया आपसांत ठरवून गप्प झाल्या. भाईचा रोजा, त्याच्यापुढे खाण्याचं नाव कशाला काढायचं, असा त्यांचा विचार. प्रत्येक जणी दाराशी येऊन नुसतं ‘झालं जेवण’ म्हणायची. दोन दिवस हनीफभाईंनी ते चालू दिलं. तिसऱ्या दिवशी दारात आडवे उभे राहिले.

‘रोजा माया हाय का तुमचा? मी उपाशी हावो ते मले माईत हाय. तुमचं मले माईत नाई. सांगा, काय शिजलं?’

‘तुमचं डोस्कं,’ रांगेतून कांता म्हणाली. सगळी रांग हसली. हनीफभाईही हसले आणि म्हणाले, ‘मीठ बरोबर होतं का?’

ही कांता टेकाम, पोडावरची. पंचवीस-सव्वीस वर्षांची, काटक, आणि धागा सांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा अंगठा आणि बोट नुसतं चाटून गेल्यासारखं होई आणि धागा लागलेला असे. नवी बाई आली की हनीफभाई तिला काही शिकवत नसत. ‘कांताच्या मांगं मांगं फिर,’ एवढंच सांगत.

वर्षभराने नागपूरच्या हेड ऑफिसातून विचारणा झाली. तिन्ही खात्यांत मशीनं सारखी, कापूस सारखा, मग दोन नंबरचंच सूत कमी का तुटतं? गैरहजेरी तिथेच कमी का? तिथल्या मोठ्या साहेबांनी शोध माझ्यावर सोपवला. मी महिनाभर वही घेऊन त्या दाराशी बसले. कोण काय बोललं, कुठल्या मशीनवर गेलं, त्या दिवशी तिथे किती धागे तुटले, सगळं टिपलं. उत्तर माझ्यासमोर कान वाकवून उभं होतंच. मी त्याचा लठ्ठ अहवाल केला, आलेख काढले, इंग्रजी नाव दिलं. शेवटच्या पानावर हनीफभाईंचं नाव होतं. नागपुरात पडद्यावर दाखवताना शेवटच्या पानापर्यंत वेळ पुरला नाही.

मोठे साहेब खूश झाले. म्हणाले, ‘ही पद्धत एका माणसाच्या कानात कशाला राहू द्यायची? उद्या तो रिटायर झाला तर? तिन्ही खात्यांना लावा.’ मला तर आकाश ठेंगणं झालं. मी छापील रजिस्टर करून घेतलं. नाव, गाव, खातं, आणि शेवटचा रकाना ‘आजची भाजी’. ते गेटवर पहारेकऱ्याने भरायचं. वर एक नियम मी माझ्या मनाने घातला. हा नियम कुणी मला सांगितला नव्हता, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. जो जेवून आलेला नसेल त्याला मशीनवर पाठवायचं नाही, त्या दिवसापुरतं घरी परत पाठवायचं. उपाशी माणसाला मशीनवर उभं करणं धोक्याचं, त्याची काळजी घ्यावी, एवढाच माझा हेतू होता. तेव्हा मला त्या नियमाचा केवढा अभिमान होता.

हनीफभाई माझ्या खोलीत आले. पाटीखालून येताना नेहमीसारखं थट्टेचं काही बोलले नाहीत.

‘कागदावर नका घेऊ मॅडम.’

‘का? तुमचंच तर आहे हे. आता तिन्ही खात्यांना फायदा होईल.’

‘कानात सांगते तो माणूस. कागदावर सांगत नाई. कागदावर घेतलं का तो चांगलंच सांगीन.’

‘पण खोटंही कामाचं असतं, असं तुम्हीच म्हणाला होता,’ मी म्हणाले. आपण फार हुशारीचं बोललो असं मला वाटलं.

त्यांनी मान वाकवून माझ्याकडे पाहिलं. ‘सगळे एकच खोटं बोलले, तं काय समजाचं?’

मी चहा मागवला.

पहिल्या दिवशी दोन बायांनी खरं सांगितलं. पहारेकरी माजी फौजी, आवाज खणखणीत. ‘बोला, काय शिजलं?’ तो ओरडायचा आणि अख्खी रांग ऐकायची. त्या दोघींना परत पाठवलं. बस तोवर निघून गेली होती, त्या डोक्यावर पदर घेऊन मोठ्या रस्त्याने चालत गेल्या. त्यांची हजेरी गेली आणि गावात बोभाटा झाला की गिरणीने उपाशी म्हणून हाकललं. दुसऱ्या दिवशी एकच परत गेली. तिसऱ्या दिवसापासून कुणीही नाही. पहिल्या बाईने ‘वांगं’ म्हटलं, तिच्या मागचीने ‘वांगं’, तिच्या मागचीनेही वांगंच. बाजारातून वांगी गेली, उन्हाळा लागला, तरी रजिस्टरात वांगं शिजतच राहिलं. पुढे पहारेकरी वर एकदा ‘वांगे’ लिहून खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’ लिहायला लागला. भाऊरावांच्या नावापुढेही वरीलप्रमाणे.

मी दर महिन्याला ते आकडे नागपूरला पाठवत होते. सगळे कामगार जेवून येतात, उपाशी कुणी नाही. माझ्या पगारवाढीच्या पत्रात या उपक्रमाचा उल्लेख होता.

मशीनवर कुणी उभं राहायचं ती यादीही आता माझ्या कॉम्प्युटरमधून निघू लागली. सगळे जेवलेले असल्यावर खिडकीला कुणाला पाठवायचं? ते जुनं मशीन आम्ही काढून टाकलं. दोन नंबरचं सूत इतर खात्यांइतकंच तुटू लागलं, तेव्हा मी अहवालात लिहिलं की यंदा कापसात ओल जास्त आहे. एकदा हनीफभाई गेटपाशी भेटले आणि नुसतं म्हणाले, ‘मलेबी वांगंच सांगून राह्यल्या मॅडम.’

‘मग चांगलंच आहे की.’

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि परत खोचली. बाया त्यांच्याशी खोटं का बोलत होत्या ते मला कळत होतं. गेटवर वांगं आणि भाईच्या कानात दुसरंच, असं निघालं तर त्या अडकल्या असत्या. तरीही मी रजिस्टर बंद केलं नाही. ते माझ्या नावावर होतं.

कांताची आई यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात होती. पोरीने तिथे दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, मिळेल त्या गाडीने, थेट कामावर आली. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. गेटवर तिने ‘वांगं’ सांगितलं. परत पाठवलं असतं तर त्या आठवड्यातली तिसरी हजेरी गेली असती. खात्याच्या दाराशी हनीफभाई उभे होते. त्यांनी सवयीने कान पुढे केला.

‘काय शिजलं?’

‘वांगं,’ ती म्हणाली.

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग मागच्या भिंतीवर चिकटवलेल्या यादीकडे पाहिलं. यादीत कांता सगळ्यांत वेगाच्या मशीनवर होती, आणि खिडकीशी रिकामी जागा होती. त्यांनी तिला जाऊ दिलं. तास-दीड तासाने ती चक्कर येऊन पडली तेव्हा तिचा डावा हात मशीनच्या फिरत्या पट्ट्यात गेला. दोन बोटं राहिली नाहीत. मशीन हनीफभाईंनी बंद केलं, तिला उचलून जीपमध्येही त्यांनीच ठेवलं.

चौकशी करायचं काम परसनलचं. त्याआधी नागपूरहून मोठ्या साहेबांचा फोन आला. रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, ‘रजिस्टर आपल्या बाजूने आहे, हे लक्षात ठेवा.’ मी ते लक्षात ठेवलं.

जबाब मी घेतला. हनीफभाई समोरच्या खुर्चीत बसले होते, भुवया त्या दिवशी स्वच्छ होत्या. मी विचारलं, काय झालं? ते जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. ‘मी तिचं तोंड पाहलं होतं मॅडम. उपाशी होती पोट्टी. पण रजिस्टरात वांगं होतं, अन् मशीन यादीनं लावलं होतं. मी रजिस्टर मानलं. मी कायले मानलं, ते मलेच समजून नाई राह्यलं.’

मी लिहिलं: ‘सदर कामगार अशक्त असल्याचे मला दिसून आले होते. तरीही मी तिला मशीनवर जाऊ दिले.’

पुढचं वाक्य मी लिहिलं नाही.

लिहायचं विसरले असं नाही. पेन कागदावर टेकवून मी बऱ्यापैकी वेळ बसले होते. ते वाक्य लिहिलं असतं तर चौकशी रजिस्टरापर्यंत आली असती, आणि रजिस्टरातून माझ्यापर्यंत. मी पूर्णविराम दिला. मी ते शुद्ध मराठीत केलं आणि शुद्ध करताना त्यातलं खरं काढून घेतलं. कागद त्यांच्यापुढे सरकवून मी म्हटलं, ‘वाचून सही करा.’

‘तुमी लिवलं नं,’ ते म्हणाले, ‘मंग बरोबरच असन.’ आणि कानावरची पेन्सिल काढली. जबाबावर पेन्सिल चालत नाही, म्हणून मी माझं पेन दिलं. त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढत सही केली.

निकाल सरळ लागला. कामगाराने गेटवर खोटी माहिती दिली आणि सुपरवायझरने दिसत असूनही दुर्लक्ष केलं. कंपनीची व्यवस्था निर्दोष होती. कांताला कायद्याप्रमाणे जे मिळायचं ते मिळालं, पण दोन बोटं नसलेल्या हाताने धागा सांधता येत नाही, ती परत आली नाही. हनीफभाईंनी राजीनामा द्यावा असं सुचवण्यात आलं. ते सुचवायला मलाच पाठवलं होतं. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि संध्याकाळच्या बसने बायांबरोबर बसून गेले. वर्षभरात मला बढती मिळाली आणि रजिस्टर ग्रुपच्या इतर गिरण्यांतही गेलं.

यंदा मार्च महिन्यात पुन्हा एका कॉलेजात भाषण होतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘मॅडम, ते सुपरवायझर आता काय करतात?’ इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ‘रिटायर झाले,’ मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी मारेगावला गेले. त्या जबाबाची झेरॉक्स पर्समध्ये होती. ती त्यांच्यापुढे ठेवायची आणि जे वाक्य लिहिलं नाही ते तोंडाने सांगायचं, एवढं ठरवून निघाले होते. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. विचारत विचारत पत्ता लागला. जावयाच्या पिठाच्या गिरणीत ते बसतात, असं कळलं.

पत्र्याची लहानशी खोली, एक खिडकी, पट्ट्याचा आवाज, आणि भुवयांवर पुन्हा पांढरी धूळ. या वेळी पिठाची. कानावर पेन्सिल होती. मी दारात उभी असतानाच एक बाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन माझ्या बाजूने आत गेली. डबा उतरवताना तिने डावा हात खालून लावला, तेव्हा मी ओळखलं. कांता जरा जाड झाली होती. तिने मला पाहिलं आणि मान हलवली, जशी ओळखीच्या कुणालाही हलवतात तशी.

हनीफभाईंनी तिच्यापुढे उजवा कान केला.

‘आज काय शिजलं?’

‘शिजवू कायचं? पीठच नाई घरी,’ ती म्हणाली. ‘कण्या उकडल्या अन् पोरं शाळेत धाडली. आता लवकर द्या, मी उपाशी हावो.’

‘मंग तुयं आधी,’ म्हणत त्यांनी रांगेतले दोन डबे मागे सारून तिची ज्वारी वर ओतली. रांगेतल्या बायांपैकी कुणी हरकत घेतली नाही. त्यांचंही असंच होत असणार.

मग ते माझ्याकडे वळले. डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळख पटल्यावर हसले. मी शोधत होते तसला राग त्या हसण्यात नव्हता. त्यांना त्या कागदात काय लिहिलं होतं ते पुढे कधी कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. जवळ आले, मान वाकवली आणि तो कान माझ्या तोंडाशी आणला. सांगायचं तर हीच वेळ होती. जे सांगायला आले होते ते त्या कानात सांगितलं असतं तर कांतालाही ऐकू गेलं नसतं.

‘काय खाऊन आल्या मॅडम?’

‘वांग्याची भाजी,’ मी म्हणाले.

त्यांनी कान तसाच ठेवला. मी पर्स घट्ट धरून उभी होते. मग ते सरळ झाले आणि कोपऱ्यातलं स्टूल उचललं. दुपट्ट्याने ते पुसलं आणि नेऊन खिडकीजवळ ठेवलं.

‘इथं बसा,’ ते म्हणाले. ‘इकडं हवा येते.’